विषाची रेघ नव्हे हो ती!

पीच, प्लम, जर्दाळूवर बुरशीनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, की काकांचा फॉरवर्ड आलाच: ‘विष खाताय!’ अहो काका, ही मर्यादा, म्हणजे एमआरएल (फळावर औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालेल तो आकडा), म्हणजे विषाची रेघ नव्हे. लेबलाप्रमाणे फवारून, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस पाळून फळावर फार तर किती उरेल, त्यावरून तो आकडा निघतो. तब्येतीला चालेल का, हे वेगळं तपासतात. युरोपात स्वतंत्र मर्यादा ठरलेली नसली, की सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. (कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, गंमत बघा: तपासताना कोय काढायची, पण हिशेबात तिचं वजन धरायचं. आंब्यालाही तेच!) एवढं समजावलं, तर उत्तर काय? ‘कंपनीकडून किती मिळाले?’ मिळतंय डोंबल! ग्रुप म्यूट केलाय.