स्टॅलोनची मान आणि माझा चष्मा

काही माणसं दर चार-पाच वर्षांनी सगळ्या तपासण्या करून घेतात. मी 'द एक्सपेंडेबल्स' बघतो. रिपोर्ट साधारण तेच येतात.

पहिल्यांदा बघितला तो 2010 साली, थिएटरात, मित्रांच्या टोळक्याबरोबर. मी तेव्हा 28 वर्षांचा होतो आणि आमच्या लेखी सिनेमाची सगळी गंमत एवढीच होती, की म्हातारी माणसं मारामारी करतायत. सिल्व्हेस्टर स्टॅलोन 64 चा, दिग्दर्शकही तोच. डॉल्फ लुंडग्रेन 52, जेट ली 47. त्यातल्या त्यात तरणाबांड दिसत होता तो जेसन स्टेथम, आणि त्याचं वय 43. हे आकडे तेव्हा कोणी बघितले होते? ते मी परवा शोधले, कारण परवा मला 43 पूर्ण झाली. स्टेथम त्या वयात विमानाच्या नाकातून अर्धा बाहेर येऊन धक्क्यावरच्या सैनिकांवर गोळ्यांचा पाऊस पाडतो. मला सोफ्यावरून उठताना 'हुश्श' म्हणावं लागतं. बसतानाही लागतं.

कथेत सांगण्यासारखं फार नाही. भाडोत्री लढवय्यांची टोळी, विलेना नावाचं कुठल्याच नकाशात नसलेलं बेट, तिथला जुलमी जनरल आणि त्याला नाचवणारा, सीआयएतून फुटलेला एक अमेरिकन. शेवटी राजवाडा उडतो. तो उडणार हे पोस्टर बघूनच कळतं.

पण त्या उडण्याबद्दलच माझी तक्रार आहे. क्लायमॅक्स रात्रीचा, त्यात दर सेकंदाला कट, त्यामुळे कोण कोणाला मारतंय हे मला अजिबात कळलं नाही. कोणाची तरी कोपर, कोणाचा तरी बूट, आग, परत कोपर. मी थिएटरला शिव्या घातल्या. प्रोजेक्टरचा दिवा मरायला टेकला असणार, असं आमचं सर्वानुमते ठरलं.

दुसरी वारी 2014 ची, लॅपटॉपवर. तोवर मी नोकरीत मुरलो होतो, त्यामुळे जेट लीचं पात्र एकदम आपलं वाटायला लागलं. हा गडी मोहिमेच्या मधोमध पगारवाढ मागतो. त्याचा मुद्दा असा, की मी अंगानं लहान, म्हणून तेवढीच जखम मला मोठी पडते आणि तेवढंच अंतर मला लांब पडतं. पहिल्या वेळी आम्ही यावर खिदळलो होतो. आता मी सिनेमा थांबवून ते वाक्य परत ऐकलं. अप्रेझलला याहून भक्कम मुद्दे मी मांडले नव्हते. लुंडग्रेनचंही तसंच. तो कामावर गोंधळ घालतो म्हणून टोळीतून काढतात, मग तो शत्रूला जाऊन मिळतो, जुन्या साहेबाच्या जिवावर उठतो, छातीत गोळी खातो, आणि शेवटी सगळ्यांबरोबर हसत उभा! मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले दोघं असेच परत आले. गोळी तेवढी कोणी घातली नव्हती.

क्लायमॅक्स मात्र लॅपटॉपवरही काळाच. स्क्रीन तिरकी करून, दिवा बंद करून, डोक्यावर चादर घेऊन बघितलं. चादरीखाली फक्त माझंच प्रतिबिंब स्पष्ट दिसत होतं.

तिसरी वारी 2020 ची, घरात कोंडून घातल्याच्या दिवसांतली. या सिनेमात मिकी रूर्कचा एक प्रसंग आहे. तो आता लढत नाही, टॅटू काढतो. एका रात्री तो स्टॅलोनला बोस्नियातली आठवण सांगतो. पुलावर एक बाई जीव द्यायला उभी होती, दोघांची नजरानजर झाली, त्याला कळलं की ही उडी मारणार, आणि तरी तो पुढे चालत गेला. मागून पाण्याचा आवाज आला. बस, एवढंच. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. 2010 मध्ये या प्रसंगाला आमची अख्खी रांग उठून लघवीला गेली होती. 2014 मध्ये मी तो पळवला. या वेळी मी तो पुरता बघितला, आणि मला वाटतं सिनेमातली खरी गोळी तीच आहे. बाकी सगळे फटाके.

"रडतोयस?" बायकोनं विचारलं.

"ब्राइटनेस वाढवलाय टीव्हीचा."

आणि खरंच वाढवला होता, क्लायमॅक्सची आगाऊ तयारी म्हणून. टीव्हीत सिनेमा मोड, खेळ मोड, काय काय निघालं. सगळे कमांडो नारिंगी झाले, पण कोण कुठला ते काही कळेना. शेवटी डोळे तपासून घेतले. नंबर निघाला. चला, निदान गुन्हेगार सापडला, असं वाटलं.

मधल्या काळात पुढचे भागही बघून झाले. 2012 च्या दुसऱ्या भागात खलनायकाचं आडनावच व्हिलेन आहे, यावरून लेखकांनी किती रात्री जागवल्या ते समजून घ्यावं. त्यानंतरच्या दोन भागांविषयी मला काही म्हणायचं नाही.

परवाच्या चौथ्या वारीला चिरंजीव शेजारी बसले. वय वर्षं 12.

"बाबा, हे सगळे कोणाचे आजोबा आहेत?"

मी म्हटलं, अरे, हा स्टॅलोन म्हणजे सिनेमातला बॉक्सर रॉकी! आणि तो उंच गोरा लुंडग्रेन 1985 च्या सिनेमात याच रॉकीशी लढला होता, तो रशियन! पोराच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. सुरकुत्याच नाहीत म्हणा त्याला. त्याला एकटा स्टेथम ओळखू आला: "हा तर शार्कवाला!" मग चर्चमध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगर येऊन गेला. तो निघून गेल्यावर स्टॅलोन म्हणतो, की त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचंय. मी एकटाच हसलो. मग समजावून सांगणं आलं, की हा तेव्हा खरोखरच कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता, पण जन्म ऑस्ट्रियातला, आणि अमेरिकेचा अध्यक्ष व्हायला जन्मानं नागरिक असावं लागतं, म्हणून ते वाक्य विनोदी. हे ऐकूनही तो हसला नाही. त्या क्षणी मला लख्ख कळलं की हा सिनेमा पडद्यावर निम्माच आहे. उरलेला निम्मा आमच्या पिढीनं व्हिडिओ कॅसेटी झिजवून डोक्यात भरून ठेवलाय. तो निम्मा ज्याच्याकडे नाही, त्याला हे आजोबाच.

कुस्तीगीर स्टीव्ह ऑस्टिनशी स्टॅलोनची हाणामारी सुरू झाली तेव्हा मी त्याला सांगितलं, की याच्या शूटिंगमध्ये स्टॅलोनची मान खरोखर मोडली, आत धातूची पट्टी घालावी लागली. या एका गोष्टीवर पोरगं सावरून बसलं. "खरंच?" मी ऐटीत मान वळवून "मग!" म्हणालो. ती वळली, पण परत येईना. गेल्या आठवड्यात उशी बदलली तेव्हापासून असं होतंय.

त्यामुळे क्लायमॅक्स मी जरा तिरका होऊन बघितला. नवा मोठा टीव्ही, नवा चष्मा, दिवे बंद, पडदे ओढलेले. कोपर. बूट. आग. कोपर.

"बाबा," पोरगं पुढे सरकून म्हणालं, "काहीच दिसत नाहीये. कोण कोणाला मारतंय?"

पंधरा वर्षं! पंधरा वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, तेही बिनचष्म्याचं, 12 वर्षांचं, तेज नजरेचं माणूस. मी त्याचा हात हातात घेतला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, "ऐकलंस का? ह्यालाही दिसत नाहीये!"

"मग दिवा लावा की," आतून आवाज आला.