लिंबू-हळद लावली म्हणजे लेप झाला नाही : 'शहापूरचा खवय्या' यांना उत्तर

मासळी जास्त टिकावी म्हणून तिच्यावर लावायच्या कायटोसनाच्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात ते) खाण्यायोग्य लेपांबद्दल इथे लेख टाकला, त्यावर 'शहापूरचा खवय्या' या नावानं प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो: "लेखकानं कधी मासा हातात धरलाय का? लिंबू, हळद, मीठ लावून आमच्या आया मासा टिकवत होत्या, तुमच्या कायटोसनात त्याहून वेगळं काय हाय? व्हिनेगरचं प्रमाण अर्धवट दिलंय. असला महागडा लेप कॅम्पातला मासेवाला लावणार हाय का? आणि लावलाच तर शिळा बांगडा ताजा म्हणून खपवायला. पुस्तकी किडे सगळे."

'किडे' हे आदरार्थी बहुवचन आहे असं समजून पुढे जातो.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण खऱ्या नावानं लिहायचं नाही, आणि दुसऱ्याला 'मासा धरलाय का' म्हणून विचारायचं, ही कुठली रीत वो? मासळी-प्रक्रियेच्या कामात माझी चौदा वर्षं गेली. हे सांगायची गरज पडावी याचंच वाईट वाटतं. प्रश्न साधा विचारला असतात तर उत्तरही साधं मिळालं असतं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. व्हिनेगरचं प्रमाण, म्हणजे कायटोसन विरघळवायच्या आम्लाचं. मी 'एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी' एवढंच लिहिलं होतं, व्हिनेगर किती टक्क्यांचं ते लिहायचं राहिलं. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल तर २५० मिली व्हिनेगर आणि ७५० मिली पाणी, म्हणजे १ टक्का आम्ल होतं. ५ टक्क्यांचं असेल तर २०० आणि ८००. औषधाच्या किंवा रसायनाच्या दुकानातलं ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलंच आम्ल, पण जवळजवळ शुद्ध) मात्र एक लिटरला १० मिलीच, तेही खाद्य दर्जाचं, हातमोजे घालून, आणि पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. तेच जर कुणी 'एक भाग, तीन भाग' या हिशोबानं घेतलं तर चामडी भाजेल. बारीक चूक होती, मूळ लेखात दुरुस्त केली आहे.

आता त्या लिंबू-हळदीच्या वाक्याकडे येतो, कारण असं वाक्य टाकून मोकळं होणारे तुम्ही एकटे नाही.

लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल असतं, ५-६ टक्क्यांच्या आसपास. सुरमईच्या तुकडीवर ते चोळलं की वरचं मांस पांढरं पडतं, कारण आम्लानं प्रथिनं गोठतात. तेवढ्या वेळात पृष्ठभागावरचे काही जिवाणू मरतात हे खरंच आहे. पण रस एक तर निथळून ताटात येतो, नाही तर मांसात मुरतो, आणि मांस ते आम्ल मारून टाकतं. अर्ध्या-पाऊण तासानं तुकडीवर शिल्लक काय, तर वास आणि चव. म्हणून आपल्या घरांत लिंबू-हळद लावून मासा तासाभरात तव्यावर जातो. आयांनी तो 'टिकवला' नाही, मुरवला. दोन्ही चांगली कामं, पण वेगळी. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गार, ओल्या तुकडीवर ते नुसतं रंग देतं. मीठ भरपूर घातलं तर टिकवतंच, पण मग तो खारवलेला मासा झाला, ताजी मासळी नव्हे.

कायटोसनाचं काम याहून निराळं आहे. ते कोळंबी-खेकड्याच्या कवचातून येतं. कवचातलं कायटिन तीव्र अल्कलीत तापवून त्याचं कायटोसन करतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं यावर बरंच काम केलं आहे. सौम्य आम्लात त्याच्या रेणूवर धन भार येतो. जिवाणूंच्या बाहेरच्या भिंतीवर ऋण भार असतो. रेणू तिथं चिकटतो, भिंत गळकी होते आणि आतलं द्रव्य बाहेर येतं. शिवाय वाळल्यावर पातळ पापुद्रा राहतो, त्यातून हवा कमी आत जाते, म्हणून बांगड्याच्या चरबीला खवट वासही उशिरा येतो. लिंबू वाहून जातं, हा पापुद्रा जागेवर बसतो. फरक एवढाच आहे, पण तो एवढा आहे.

आणि इथंच तुमच्या मिठाचा उपद्रव होतो. आधी मीठ चोळून मग लेप लावला तर मिठानं तो धन भार झाकला जातो आणि कायटोसन निम्मं-शिम्मं काम करतं. रक्त, चिकटा राहिला तरी तेच. त्यातली प्रथिनं कायटोसन आधीच धरून ठेवतात. म्हणून मासा साफ करून गार पाण्यात धुवायचा, निथळायचा, आणि मीठ-मसाला शिजवायच्या वेळीच.

घरी करून बघणाऱ्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते द्रावण करताना. साध्या पाण्यात भुकटी टाकतात, ती वाळूसारखी तळाशी बसते, मग 'माल खोटा' म्हणून दुकानदाराशी भांडण. आधी १ टक्का आम्लाचं पाणी करायचं. एक लिटरला १५ ग्रॅम खाद्य दर्जाचं कायटोसन, पिठल्यात बेसन वैरतो तसं चिमटी-चिमटीनं, ढवळत ढवळत. एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात, वरून चिकट, आतून कोरड्या, आणि त्या नंतर सुटत नाहीत. रात्रभर ठेवायचं, सकाळी मलमलच्या कापडातून गाळायचं. ७-८ मिली खाद्य ग्लिसरीन घातलं की पापुद्रा तडकत नाही. मग द्रावण फ्रिजमध्ये अगदी गार करायचं. कोमट द्रावणात तुकडी बुडवली की जे वाचवायला निघालो त्यालाच ऊब मिळते.

तुकड्या मिनिटभर बुडवायच्या, जाळीवर निथळायच्या, पुन्हा एकदा बुडवायच्या, आणि जाळीसकट फ्रिजमध्येच अर्धा-पाऊण तास सुकवायच्या. पंख्याखाली ओट्यावर नको. सुकलेल्या तुकडीला बोट लावलं तर बोट चिकटत नाही, घसरतही नाही, आणि ती उजेडात किंचित चमकते. पांढरे ठिपके दिसले तर गाळणं नीट झालेलं नाही.

मग बर्फ. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटातून बेळगावात येणारा माल उघड्या बर्फात येतो, माशावर बर्फ, बर्फावर मासा. त्यात लेपाचा काही उपयोग नाही, कारण हा पापुद्रा वितळलेल्या पाण्यात फुगतो आणि धुऊन जातो. लेप लावलेली तुकडी पिशवीत, पिशवी बर्फात. पिशवीचं तोंड नुसतं दुमडायचं, हवा काढून सील करायची नाही. हवा नसली आणि थंडी ३.३ अंशांच्या वर गेली तर क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या ई प्रकाराला वाढायला जागा मिळते, आणि त्याच्या विषाला वास नसतो.

जिवाणूंवर आणखी जोर म्हणून द्रावणात लवंगेचं तेल घालायचं असेल तर लिटरला ५ मिली पुरे, आणि सोबत ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) एक-दोन मिली. नाहीतर तेल वर तरंगतं आणि एकाच तुकडीला दाढदुखीच्या औषधाची चव येते. ओव्यात थायमॉल हे जिवाणू मारणारं द्रव्य असतं म्हणून ओवा उकळलेलं पाणी चालेल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही चालणार, थायमॉल पाण्यात फार थोडं उतरतं. निसिन या खाद्य परिरक्षकाचाही इथं उपयोग नाही. ते लिस्टेरिया या जिवाणूवर चालतं, पण बर्फातल्या माशाला घाण वास आणणारे स्युडोमोनास आणि शेवानेला हे जिवाणू त्याला दाद देत नाहीत. आणि अल्जिनेट (समुद्री शेवाळातून काढलेलं दुसरं लेपद्रव्य) व कायटोसन एका भांड्यात मिसळू नका, दोन्हींचे भार उलटे, लगेच दही फाटल्यासारखं होतं.

बाकी तुमचे मुद्दे. महाग? तो हिशोब मासेवाल्यानं करायचा, मी करत नाही. परवान्याशिवाय बाजारात विकू नका हे लिहिलं होतंच.

शिळा मासा खपवायचं म्हणालात. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासा टिकवायला विषारी फॉर्मेलिन लावतात या संशयावरून जो गोंधळ झाला त्यानंतर कुणाला संशय येणं मी समजू शकतो, तुमच्या भाषेत नसला तरी. पण शिळ्या माशावर हा लेप नीट चालत नाही. मासा उतरू लागला की त्यात अमाइनं (घाण वासाची, अल्कलीसारखी द्रव्यं) तयार होतात, पृष्ठभागाचा सामू (pH) वर चढतो, आणि ६.५ च्या वर कायटोसनाचा धन भार झपाट्यानं घटतो. मासा शिळा तर लेपही लुळा. आणि बांगडा, तारली, कुपा उन्हात राहून हिस्टामिन तयार झालं असेल तर लेप, बर्फ, तळणं, कशानंही ते जात नाही. ओठ-चेहरा लाल होऊन खाज सुटते. हे मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. वाचला असतात तर बरं झालं असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, मीच घालतो. ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांनी कायटोसनाच्या वाटेला जाऊ नये. ही ओळ मूळ लेखात नव्हती. आज टाकली आहे, व्हिनेगरच्या दुरुस्तीच्या खालीच.