काउंटी म्हणजे अमेरिकेतला ‘जिल्हा’ नव्हे

अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरत असतो: ‘काउंटी म्हणजे आपला जिल्हा. तिचा प्रमुख म्हणजे कलेक्टर, शेरीफ म्हणजे एसपी. घरपट्टी काउंटीत भरायची आणि प्रत्येक राज्यात हीच पद्धत.’ नकाशा समजून घेण्यापुरतं हे चालेल. पण यावर विसंबून कामं केली तर दंड बसतो, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘प्रमुख म्हणजे कलेक्टर’: कलेक्टरची नेमणूक आणि बदली राज्य सरकार करतं. काउंटी चालवतं ते मतदारांनी निवडलेलं मंडळ. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत असे पाच सुपरवायझर (मंडळाचे सदस्य) आहेत आणि प्रशासनप्रमुखाला तेच नेमतात. मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर, सरकारी वकील आणि शेरीफ हे तिघं तर थेट निवडून येतात. बदली हा प्रकारच तिथे नाही.

‘शेरीफ म्हणजे एसपी’: याच काउंटीतल्या सॅन होजे शहराचं पोलीस दल शेरीफच्या हाताखाली नाही. शेरीफकडे तुरुंग, कोणत्याही शहराच्या हद्दीत न येणारा भाग आणि कुपर्टिनोसारखी करार करून पोलीससेवा घेणारी शहरं. हद्दीबाहेरच्या भागाकडे नीट लक्ष द्या. टपालाच्या पत्त्यात ‘सॅन होजे’ असलं तरी जमीन शहरात असेलच असं नाही. नसेल तर बांधकामाचा परवाना काउंटीकडून घ्यावा लागतो. आराखडा काढून घेण्याआधी पार्सल नंबरवरून (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी क्रमांक) हद्द तपासा.

‘घरपट्टी काउंटीत भरायची’: कॅलिफोर्नियात हे खरं आहे, पण पैसा एकट्या काउंटीचा नसतो, त्यात शाळा, शहर आणि विशेष जिल्हे (पाण्यासारख्या एखाद्या कामापुरत्या स्थानिक संस्था) यांचे वाटे असतात. मूळ दर खरेदीच्या वेळच्या मूल्याच्या १ टक्का, शिवाय मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा भार. करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं. पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. चुकला की १० टक्के दंड. सर्वाधिक लोक फसतात ते पुरवणी बिलात. घर घेतल्यावर जुन्या-नव्या मूल्यातल्या फरकाचं हे वेगळं बिल काही महिन्यांनी येतं, आणि ते सहसा गृहकर्ज देणाऱ्या बँकेकडे न जाता थेट मालकाकडे येतं. ‘कर बँक भरते’ म्हणून ते बाजूला पडतं आणि दंड लागतो.

न्यू जर्सीत उलट. एडिसनमध्ये कर टाउनशिप (तिथली स्थानिक नगरसंस्था) गोळा करते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर असे चार हप्ते. एडिसन ज्या काउंटीत येतं, त्या मिडलसेक्स काउंटीचा वाटा त्याच बिलात असतो.

‘प्रत्येक राज्यात हीच पद्धत’: कनेक्टिकटने काउंटी सरकारं १९६० मध्येच बरखास्त केली. ऱ्होड आयलंडमध्येही ती नाहीत. न्यूयॉर्क शहराच्या पोटात पाच काउंट्या आहेत, तर व्हर्जिनियातली ३८ शहरं कोणत्याच काउंटीत मोडत नाहीत. फेअरफॅक्स शहराला चहूबाजूंनी फेअरफॅक्स काउंटीचा वेढा आहे, तरी तिथल्या रहिवाशाने गाडीवरचा वार्षिक कर शहराला भरायचा असतो, काउंटीला नाही.