सतराशे वर्षांचं पुट, पाच मिनिटांत साफ

अभिनंदन! आग्नेय युरोपातल्या, बाल्कनमधल्या कुठल्याशा शेतातून निघालेली दहा न धुतलेली रोमन नाणी तुमच्या हाती पडली. (विकणाऱ्याकडे कागदपत्रं मागितली नाहीत ना? छान. भल्या माणसाला उगाच अवघडल्यासारखं होतं.) आता ती हिरवी-काळी ढेकळं बघून नाक मुरडू नका. घरात चिंच आहे ना? मग झालं तर.

चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, काथ्या. देवघरातली समई याच्यावर लखलखते, मग रोमचा सम्राट काय समईपेक्षा मोठा लागून गेला? पाचव्या मिनिटाला तळहातावर गुलाबीसर, गुळगुळीत चकती येईल. सम्राटाचं नाक, मुकुट आणि अक्षरं तेवढी कोळाबरोबर मोरीत जातील. त्यात तुमची काय चूक? खालचा धातू कधीच खंगलेला. हा गृहस्थ वरच्या हिरव्या थरातच, पॅटिनातच, बिऱ्हाड करून राहिला होता. पण चकाकी बघा!

काही चिकित्सक मंडळी डिस्टिल्ड वॉटर आणतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. नाणी त्यात आठवडेच्या आठवडे भिजत घालायची, पाणी बदलत राहायचं, मग भिंगाखाली दातकोरण्याने एकेक कण उचलायचा. पॅटिना दिसला की हात आखडता घ्यायचा. शेवटी नाणं पूर्ण वाळवून वर मेणाचा पातळ हात. एका नाण्याला महिना! यांना पोटापाण्याचा उद्योग नसावा.

तुमच्या कोळातलं मीठ मात्र पुढेही कामाला येतं. पावसाळा लागला की नाण्यावर पोपटी भुकटी धरू लागेल. हा 'ब्राँझ डिसीज'. मिठातलं क्लोराइड, दमट हवा आणि तांबं एकत्र आले की आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होऊन पुढच्या घासाला तयार. सावकारी व्याजासारखं. ओढ लागू नये म्हणून उरलेली नऊ नाणीही त्याच डबीत ठेवा.

आता ओळख. अक्षरंच न उरल्यामुळे ती फार सोपी झाली. एरवी कटकट असते. रोमन सम्राट पहिल्या कॉन्स्टंटाइनने मुलांची नावं ठेवली कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स. दोन अक्षरं झिजली की भाऊ कोणता ते कळत नाही. मग मागच्या बाजूला तळाशी बघायचं: टी-आर असेल तर आजच्या जर्मनीतल्या त्रियरची टांकसाळ, एस-आय-एस असेल तर सिसिया, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. लांडगी आणि दोन बाळं दिसली तर नाणं रोम नगरीच्या गौरवाचं. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भोसकणारा सैनिक दिसला तर इ.स. 348 नंतरचं. त्याच्याभोवती घोषणा असते 'फेल टेम्प रेपारातिओ', म्हणजे सुखाचे दिवस परत आले. सुखाचे दिवस आले आणि नाणं वर्षागणिक हलकं होत गेलं. रोमन लोकांना यात काही विनोदी वाटलं असेल का, देव जाणे.

तुम्हाला यातलं काहीच नको. पाहुण्यांनी विचारलं तर ठणकावून सांगा, ज्युलियस सीझर. नाण्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधीच त्याचा खून झाला होता, हे चकतीवर कुठे लिहिलंय?

कोळ उरला असेल तर समईही घासून घ्या. तिला सवय आहे.