बल्कहेड म्हणजे पार्टिशन नव्हे

जुनी, २५-२६ फुटी शिडाची बोट घेतलेल्या माणसाला पहिल्याच हंगामात बल्कहेडबद्दल, म्हणजे बोटीतल्या आडव्या भिंतीबद्दल, एक सल्ला हमखास मिळतो. मी अमेरिकेत मेरीलँडला, चेसापीक उपसागराच्या काठी राहतो आणि यार्डात दर वसंतात तो ऐकतो: "बल्कहेड सरकलंय? ते काय, आतलं पार्टिशन आहे. जॅक लावून जागेवर ढकल, घट्ट बसव, चार स्क्रू मार, फटीत पॉलियुरेथेन सीलंट भर, वरून सागाची पट्टी लाव. दोन दिवसांचं काम." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला धोक्याचा आहे. अशीच दुरुस्ती झालेली बोट मी नकळत विकत घेतली होती, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"आतलं पार्टिशन आहे." घरातलं पार्टिशन काढलं तरी स्लॅब जागेवर राहतो. बोटीत तसं नाही. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये कार्ल अल्बर्गने आखलेली पिअरसन ट्रायटन लोकांसमोर आली आणि फायबरग्लासच्या छोट्या क्रूझिंग बोटींना बाजार मिळाला. त्या पिढीच्या बोटींत आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, सहसा प्लायवुडच्या असतात आणि रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या पट्ट्यांनी हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, सांधलेल्या असतात. या सांध्याला टॅबिंग म्हणतात. अनेक छोट्या बोटींत डोलकाठी डेकवरच उभी असते, तिचा भार डेकखालच्या तुळईतून मुख्य बल्कहेडवर उतरतो. काहींत डोलकाठीला दोन्ही अंगांनी धरणाऱ्या तारांच्या, श्राउडच्या, चेनप्लेटही (तारांची खालची टोकं अडकवायच्या धातूच्या पट्ट्या) त्याच बल्कहेडला बोल्टने आवळलेल्या असतात. म्हणजे एकच प्लायवुड मध्यावर खाली रेटलं जातं आणि कडांना वर ओढलं जातं. ३/१६ इंची स्टेनलेस तार साधारण २१०० किलोला तुटते. बोट नुसती धक्क्याला बांधलेली असतानाही श्राउडमध्ये त्याच्या १० ते १५ टक्के ताण ठेवतात, म्हणजे एकेका तारेत २०० ते ३०० किलो. सगळ्या तारांची बेरीज करा, आणि शिडात वारा भरल्यावर काय होत असेल ते बघा. कपाटाच्या कडेचं एखादं फळकूट सुटलं तर घाबरायचं कारण नाही, तिथे हा सल्ला चालून जाईल. डोलकाठीजवळच्या भिंतीला तो लावू नका.

"जॅक लावून ढकल." जॅक लागतोच. माझं भांडण घाईशी आहे. भिंत का सरकली ते आधी कळायला हवं. खालची कड बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यात कुजून खचली असेल, चेनप्लेटपाशी पाणी झिरपून वरचा कोपरा मऊ पडला असेल, किंवा नुसतं टॅबिंग सुटलं असेल. तिन्हींची दुरुस्ती वेगळी. हातोडीच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज येतोय तोवर ठीक, बद्द आवाज आला की तिथे आरी टोचून बघा.

मग डोलकाठी उतरवायची. श्राउड सैल करून भागत नाही. त्यानंतर बोट जमिनीवर कशी टेकली आहे ते पाहायचं, आणि हेच कोणी सांगत नाही. वजन कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर, हवं, बाजूचे स्टँड फक्त तोल सांभाळायला. एखादा स्टँड जास्त आवळला गेला की हल आत दबतो आणि आतली फट मिटल्यासारखी दिसते. त्या दबलेल्या आकारात टॅबिंग केलंत तर बोट पाण्यात गेल्या दिवसापासून नवा सांधा ताणाखाली. स्टँड यार्डाच्या माणसांकडूनच हलवून घ्या. जॅकच्या खाली जाड फळी, वर डेकला रुंद ठोकळा, आणि दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. डेक वर्षानुवर्षं त्या खचलेल्या आकाराला सरावलेलं असतं. करकर ऐकू आली की हात थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं.

"चार स्क्रू मार, सीलंट भर." माझ्या बोटीत शौचालयाचं दार वरच्या कोपऱ्यात अडायचं. दाराची चौकट त्याच बल्कहेडला होती. आधीच्या मालकाने दार रंध्याने तासून घेतलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. ताज्या लाकडाच्या दोन छटा कडेला स्पष्ट दिसत होत्या. सागाची पट्टी काढली, तर मागे जुन्या टॅबिंगमधून प्लायवुडमध्ये मारलेले चौदा स्क्रू, आणि फटीत पांढरं सीलंट. हॅकसॉचं पातं हल आणि भिंतीच्या मधून आरपार गेलं. मग स्क्रू काढून टॅबिंगची कड बोटांत धरली आणि ओढली. फूटभर पट्टी अलगद हातात आली. मागची बाजू चकचकीत, तिच्यावर लाकडाच्या रेषांचा जसाच्या तसा ठसा, आणि लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नाही. तेव्हा कळलं की इथे लाकूड फाटलंच नव्हतं. सांध्याने मुळात धरलंच नव्हतं. प्लायवुडवर सागाचा व्हिनियर होता, साग तेलकट, आणि पॉलिएस्टर रेझिन थेट त्याच्यावर चढवलेलं.

अशा सांध्यात स्क्रू मारून काय साधतं? ताण चौदा टिंबांवर येतो, प्रत्येक भोकातून पाणी प्लायवुडच्या पोटात शिरतं. सीलंट गळती थांबवायला उत्तम, पण ते रबरासारखं लांबतं, भिंत धरून ठेवत नाही. शिवाय त्याचा अंश राहिला तर पुढे इपॉक्सी, म्हणजे नव्या टॅबिंगचं रेझिन, तिथे चिकटत नाही. ते खरवडण्यात माझे नवं टॅबिंग घालण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

नवं टॅबिंग घालायचं म्हटलं की आणखी सल्ले येतात. "जुनं पॉलिएस्टर आहे, तेच वापर." कारखान्यात हलचं रेझिन ताजं असताना पट्टी लावली तर दोन्ही एकजीव होतात. चाळीस वर्षं वाळलेल्या हलवर नुसती पकड उरते, आणि ती पकड, लाकडावरची तर नक्कीच, इपॉक्सीची चांगली. आधी सॉल्व्हंटने पुसा, मग घासा. उलट केलंत तर तेलकटपणा ओरखड्यांत चोळला जातो. हलवर चार-पाच इंचांपर्यंत रंग काढून स्वच्छ काच दिसली पाहिजे, भिंतीवरचा व्हिनियर तेवढाच काढायचा. कोपऱ्यात घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई, तिच्यावर बायअ‍ॅक्सियल काचकापडाच्या (दोन दिशांना धागे असलेल्या) ४, ६ आणि ८ इंची पट्ट्या, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. पहिला थर पूर्ण वाळला असेल तर वर येणारा मेणचट पापुद्रा पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा. काचेची धूळ फुप्फुसात जाते. चांगला मास्क नसेल तर ग्राइंडर सुरू करू नका.

"घट्ट बसव." उलट. प्लायवुडची कड हलला थेट टेकली की त्या रेषेवर हल वाकू शकत नाही, आणि बाहेर नेमकी तिथेच चीर उमटते. पाव इंच जागा सोडा, फोमची पट्टी घाला.

"कुजलंय? पातळ इपॉक्सी पाज." कुजलेल्या लाकडात तंतू उरलेले नसतात. इपॉक्सी प्यायल्याने ते कडक होतं, भार पेलायला लागत नाही. तेवढा भाग कापून नवं मरीन प्लायवुड सांधावं लागतं. इथे अमेरिकेत बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचं मागतात. आपल्याकडे किचनच्या कामाला सुतार ज्याला "सातशेदहा" म्हणतो तेही, आयएस ७१०, मरीन ग्रेडच. पण छाप कोणताही असो, उघड्या कडा इपॉक्सीने बंद करायच्याच. चेनप्लेटची भोकं मोठी पाडून, घट्ट इपॉक्सीने भरून, पुन्हा पाडायची. चेनप्लेट बाहेर काढलीच आहे तर डेकच्या आत दडलेला भाग भिंगाने बघा. हवा न लागणाऱ्या ओल्या जागी स्टेनलेसलाही गंज खातो.

"दोन दिवसांचं काम." माझे सहा आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले. त्यातले दोन थंडीने खाल्ले, कारण केबिनमध्ये १० अंश सेल्सिअसच्या खाली बहुतेक इपॉक्सी नीट वाळत नाही. डोलकाठी उभी केल्यावर तारा एकदम आवळल्या नाहीत, आठवडाभरात थोड्या थोड्या ताणल्या. त्याआधी भिंतीवरून हलवर जाणाऱ्या पेन्सिलच्या चार आडव्या रेघा मारल्या होत्या, दोन वर, दोन खाली. पहिल्या जोरदार वाऱ्यातून परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकलो. चारही रेघा अखंड होत्या, आणि दार एका बोटाने लागलं.