‘सगळे स्पॉट प्रोसेसमध्ये टाका’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

छपाईसाठी फाईल सीएमवायकेत (सायन, मजेंटा, पिवळा, काळा या चार प्रोसेस रंगांत) बदलताना स्पॉट रंगांचं, म्हणजे स्वतंत्र शाईने वेगळ्या प्लेटवरून छापायच्या रंगांचं, काय करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सुरुवात ‘प्रेसची हवाही न लागलेल्या माणसाने घातलेला घोळ’ अशी. मग ‘सगळे स्पॉट प्रोसेसमध्ये टाकून मोकळं व्हायचं, आजकाल पाचवी प्लेट काढतो कोण?’ आणि शेवटी फोग्रा ३९ (कागदावर रंग कसा उतरेल ते सांगणारा एक प्रोफाइल) आणि पॅन्टोनच्या (क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या स्पॉट रंगांच्या) लायब्ररीवरून दोन टोले. मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पहिल्या वाक्याला. ओळखदेख नसताना माझी लायकी तुम्ही परस्पर ठरवून टाकलीत, तेही टोपणनावाने.

म्हणून सांगणं भाग आहे. मी या धंद्यात माऊस हातात घेऊन आलो नाही. लाइट टेबलवर पॉझिटिव्ह चिकटवण्यापासून सुरुवात केली, भिंगातून रजिस्टर मार्क (रंग एकमेकांवर बरोबर बसवायच्या खुणा) जुळवले, रजिस्टर चुकलं की मशीनमनच्या शिव्या खाल्ल्या. फिल्म जाऊन सीटीपी (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट) आलं तेव्हाही प्लेटा मीच तपासत होतो. मला हवा लागली नसेल तर कुणाला लागली, हे तुम्हीच सांगा.

एक गोष्ट मान्य. डिजिटल मशीनवर शे-दोनशे कार्डं काढायची असतील तर बहुतेक वेळा चारच रंग असतात. तिथे स्पॉट प्रोसेसमध्ये बदलणं योग्यच, आणि लेखात ते मी एका ओळीत उरकलं. पण तुम्ही ‘डिजिटलला’ असं लिहिलं नाहीत. तुम्ही ‘सगळे’ लिहिलंत.

खोक्यांच्या आणि लेबलांच्या फाईलमध्ये स्पॉट म्हणून काय काय बसलेलं असतं, कधी पाहिलंत? डाय लाइन (खोकं कापायची-दुमडायची रेघ), स्पॉट यूव्ही (ठरावीक जागेपुरतं चकचकीत वार्निश), फॉइल (धातूसारखा चमकणारा पातळ थर), पारदर्शक फिल्मवरचा पांढरा थर. यातले काही छापायचे रंगच नाहीत, पुढच्या कामासाठीच्या खुणा आहेत. माझ्याकडे एकदा मिठाईच्या खोक्याची फाईल आली, आधीच कुणीतरी ‘सगळे’ बदललेली. डाय लाइन दिसावी म्हणून मजेंटा १०० टक्के दिलेली होती, ती थेट मजेंटाच्या प्लेटवर जाऊन बसली. यूव्हीचा थर पिवळा दाखवून ओव्हरप्रिंटवर (खालचा रंग न कापता त्यावरच छापायच्या सेटिंगवर) ठेवलेला होता. तो खरोखरचा पिवळा झाला आणि खालचा निळा लोगो हिरवा पडला. आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये (छापण्याआधी स्क्रीनवर प्लेटा बघायच्या खिडकीत) मात्र चारच प्लेटा, अगदी स्वच्छ. नुसत्या प्लेटा मोजणाऱ्याला यात काही चुकलंय असं वाटलंही नसतं.

बारीक अक्षराचं तेच. औषधाच्या खोक्यावर सहा पॉइंटचा मजकूर गडद तपकिरी स्पॉटमध्ये असतो तेव्हा तो एकाच प्लेटवरून सॉलिड उतरतो. तोच प्रोसेसमध्ये टाकलात की ठिपक्यांच्या तीन-चार जाळ्या एकावर एक चढतात. कागद जरासा ताणला, रजिस्टर केसभर हललं, की अक्षराला मजेंटाची कड येते. मग बोलणी मशीनमन खातो आणि फाईल बदलणारा घरी गेलेला असतो. याचा मला खरंच राग येतो.

रंगाचं तर बोलायलाच नको. पॅन्टोन ऑरेंज ०२१ हा सीएमवायकेच्या आवाक्यातला रंग नाही. मजेंटा-पिवळ्याचं प्रमाण कितीही फिरवा, तो तजेला येत नाही. पॅन्टोनच्या ८७१ ते ८७७ या शायांमध्ये धातूची पूड असते. चार रंगांत त्यांचं सोनेरी मातकट होतं आणि चंदेरी नुसतं करडं.

पाचवी प्लेट कोण काढतं? ज्याचं पॅकिंग दोन-तीन प्रेसमध्ये छापून दुकानात एकाच फळीवर लागतं, तो काढतो. आणि दोन रंगांची बिलबुकं, लेटरहेडं? तिथे काळ्याच्या जोडीला दुसरी प्लेट स्पॉटचीच असते. ती प्रोसेसमध्ये टाकलीत की दोन प्लेटांच्या कामाला तीन-चार प्लेटा लागतात. पैसे गिऱ्हाइकाचे जातात, तुमचे नाही.

बाकीच्या मुद्द्यांत फारसं काही नाही. कोणता प्रोफाइल घ्यायचा हा वेगळा विषय, तो प्रेसला विचारूनच ठरतो. नोव्हेंबर २०२२ पासून ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनची बहुतेक रंग-पुस्तकं (लायब्ररी) गेली हे खरं. पण शाई मिळते, शेडकार्ड मिळतं आणि जुन्या पीडीएफमध्ये स्पॉटची नावं जशीच्या तशी असतात. त्याचा इथे संबंध काय?

बदलायचेच असतील तर इंक मॅनेजर (फाईलमधल्या शायांची यादी दाखवणारी खिडकी) उघडून एकेक नाव बघत बदला. एकच लाल १८५ सी (कोटेड कागदासाठी) आणि १८५ यू (अनकोटेड कागदासाठी) अशा दोन नावांनी आला असेल तर एकाला दुसऱ्याचा एलियस करा, म्हणजे दोन्ही एकाच प्लेटवर जोडा, म्हणजे फुकटची प्लेट निघणार नाही. लेखात हे सगळं होतं. तिथपर्यंत वाचायची तसदी तुम्ही घेतलेली दिसत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. डाय आणि यूव्हीसकट सगळे स्पॉट प्रोसेसमध्ये टाकून नीट छापलेलं एखादं खोकं तुमच्याकडे असेल तर त्याची फाईल पाठवा. प्लेट बाय प्लेट बघून जे दिसेल ते इथेच लिहीन.