‘धडधाकट घोड्याचे रक्त कशाला द्यायचे?’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

यात्रा-बाजारांचा हंगाम जवळ आला की घोडेमालकांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो: घोडा नीट खातोपितो आहे, तर ग्लँडर्सच्या (घोडे, गाढवे आणि खेचरांना होणाऱ्या जंतुजन्य संसर्गजन्य रोगाच्या) तपासणीसाठी स्वतःहून रक्त देऊ नका, अहवाल चुकीचा आला तर सरकार घोडा मारून टाकेल आणि हाती काहीच लागणार नाही.

आधी लक्षणांचे पाहू. गाढवांत आणि खेचरांत हा रोग बहुधा झपाट्याने बळावतो. घोड्यात मात्र तो महिनोन्महिने दबा धरून राहू शकतो, आणि नाकातला स्राव, नाकपुडीच्या आतले व्रण किंवा मागच्या पायाच्या आतल्या अंगाला ओळीने उठणाऱ्या गाठी यांपैकी काहीही दिसत नसताना तोच घोडा सामाईक हौदात किंवा तोबऱ्यात जंतू सोडत असू शकतो. रक्तचाचणी आहे ती नेमकी अशा जनावरांसाठी.

कोणतीही चाचणी शंभर टक्के अचूक नसते, हे मान्य. म्हणूनच एलायझा या प्राथमिक रक्तचाचणीत बाधित दिसलेला नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात वेगळ्या पद्धतीने पडताळला जातो.

गुपचूप इंजेक्शने देऊन घोडा बरा करण्याचा जोडसल्ला तर घातकच आहे. लक्षणे मावळली तरी जंतू शरीरात राहू शकतात, रोगावर लस नाही, आणि खरारा करणाऱ्या माणसालाही लागण होऊन त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय 2009 च्या केंद्रीय कायद्यामुळे रोगाचा संशय आल्यावर कळवणे मालकाच्या मर्जीवर राहत नाही.

भरपाईची तक्रार मात्र मला रास्त वाटते. ‘काहीच मिळत नाही’ हे खरे नाही. ग्लँडर्सविषयीच्या 2019 च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात मारलेल्या घोड्यासाठी 25,000 आणि गाढव-खेचरासाठी 16,000 रुपये ठरले होते. पण सारंगखेड्याच्या बाजारात लाखांत घेतलेल्या घोड्याच्या मालकाला, किंवा माथेरानमध्ये एकाच घोड्यावर घर चालवणाऱ्याला, हा आकडा कसा पटावा? भांडायचे तर त्या रकमेसाठी भांडावे. तपासणी टाळल्याने बाधित घोडा वाचत नाही, त्याच्या शेजारी बांधलेले मात्र धोक्यात येतात. ब्रिटनमधून 1928 मध्ये आणि कॅनडातून 1938 मध्ये हा रोग हटला, तो लसीने नव्हे, तर बाधित घोडे चाचणीने हुडकून. आपल्याकडे 2006 मध्ये तो पुन्हा उफाळला, तेव्हा महाराष्ट्रातही सापडला.

एक पुस्ती जोडतो. लागण नुकतीच झालेली असेल तर ती रक्तचाचणीत लगेच दिसत नाही. त्यामुळे बाजारातून आणलेला घोडा नुसता दाखला पाहून पागेत बांधू नये, त्याची बादली, तोबरा आणि खरारा वेगळे ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून घ्यावे.